टोपीच्या आत लिवलंय

आबा गेल्याचं मला इस्लामपूरच्या स्टँडवर कळलं. सातारा-सांगली गाडी तिथं दहा मिनिटं थांबते. मांडीवर कापडी पिशवी होती, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली आज्ज्याची टोपी. धाकट्या भावाचा, धनाजीचा फोन आला. तो नुसतं "आक्का..." म्हणाला आणि पुढं बोललाच नाही. शेजारी बसलेल्या बाईनं माझ्या तोंडाकडं बघून विचारलं, "कोण आजारी हाय व्हय बाई?" मी म्हटलं, "होतं." मग गाडी सुरू झाली. सांगली अजून तासाभरावर होती आणि मला आता कसलीच घाई नव्हती, तरी ड्रायव्हरनं गाडी पळवावी असं वाटत होतं.

दीड महिना झाला. टपाल खात्यात नोकरी करणारी बाई मी, लिहिणं हे काही माझं काम नाही. पण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, त्यामुळं हे लिहायचंही माझ्याच वाट्याला आलंय. माझ्या हातून एक चूक झाली होती, तीही ह्या शिक्षणाच्या जोरावरच झाली होती. तीही लिहिली पाहिजे.

आमचं गाव माण तालुक्यात. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं घर. भूकंपाच्या आदल्या उन्हाळ्यात, म्हणजे सदुसष्ट साली, मेंढरांत रोग शिरला आणि आज्ज्याचा वाडगा, मेंढरं कोंडायचा गोठा, रिकामा झाला. मग आज्जा आणि आज्जी पाझर तलावाच्या बांधावर माती वाहायला जाऊ लागले. आबा तेव्हा पाच वर्षांचे. त्यांच्या पाठीवरची बहीण, माझी आत्या, बांधावरच्या बाभळीला झोळीत टांगलेली असायची. घरात हुलग्याचं माडगं, तेही एक वेळ. कामावरचा ओव्हरसियर, लोकांच्या तोंडी 'वरशेर', डोक्याला तपकिरी टोपी घालायचा, साहेब लोक घालतात तसली, सगळीकडून कड असलेली लोकरीची. एके दिवशी दुपारी त्यानं ती दगडावर ठेवली आणि जेवायला बसला. उठला तर टोपी नाही. जवळ कोण होतं? आज्जा होता. झोपडी उचकटली, मडकी पालथी केली, आज्जीच्या चोळीची घडी झटकली... टोपी मिळाली नाही. पण नवरा-बायको दोघांनाही कामावरून काढलं आणि आजूबाजूच्या कामांवरही कुणी उभं करेना. त्याच उन्हाळ्यात आत्या गेली. तिला काय झालं होतं हे मी आज्जीला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "काय हुतंय? खायाला नव्हतं."

त्या दिवसापासून गावात आमचं घर 'टोपीचोराचं घर' झालं. आडनाव फक्त कागदावर राहिलं.

पुढं बहात्तरच्या दुष्काळात आज्जा मुंबईला गोदीत हमालीला गेला. वर्षभरानं पाऊस पडल्यावर परत आला तो डोक्याला टोपी घालून! तपकिरी, कडवाली, थेट ओव्हरसियरच्या टोपीसारखी. वेशीतून आत शिरला, पारावरच्या लोकांसमोरून ताठ मानेनं चालत गेला आणि घरात येऊन आज्जीला म्हणाला, "चोर म्हणत्यात न्हवं? टोपी कशी इकत घेत्यात ती दावली भाड्यांना." बिचाऱ्याला वाटलं, आपल्या घामाच्या पैशानं तसलीच टोपी घेतली की तोंडं बंद होतील. मुंबईत वर्षभर गोण्या वाहताना त्याच्या मनात हेच चाललेलं असणार. पण पारावर शिदूनाना होता, तेव्हाचा तरणा गडी. तो मांडीवर थाप मारून म्हणाला, "बघा रं, निघाली का न्हाई भाईर? इतकी वरसं कुठं पुरली हुती कुणास ठावं!" झालं. जो संशय होता, त्याचा पुरावा आज्ज्यानं स्वतःच्या डोक्यावरून मिरवत आणला.

आबा तेव्हा अकरा वर्षांचे, चौथीत शिकत होते. पोरांनी त्यांना शाळेच्या आवारात मध्ये उभं करून भोवती फेर धरला आणि 'टोपीचोर' म्हणून टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर आज्ज्यानं भाकरी मोडून पुढं केली, तर ताट ढकलून आबा म्हणाले, "चोराच्या हातचं मी खाणार न्हाई." दुसऱ्या दिवशी ते मामाच्या मेंढरांबरोबर निघून गेले, ते थेट वाळव्याकडं, कृष्णाकाठच्या रानात. आठ महिन्यांनी कळप माघारी आला तेव्हा आज्ज्याला जाऊन महिना झाला होता. ताप आला होता म्हणे. कळप कुठल्या रानात बसलाय हे कुणालाच माहीत नव्हतं, मग निरोप कुणाला धाडायचा? घरात खुंटीला टोपी होती. ती आज्ज्यानं त्या एका दिवसानंतर पुन्हा कधी घातली नव्हती.

हे सगळं मला आबांनी एकदम सांगितलेलं नाही. तुकड्या-तुकड्यानं कळलं. ते बोलणारे नव्हते. मेंढरांशी मात्र तासन्‌तास बोलायचे. मला आठवतं ते एवढंच, की दर दसऱ्याच्या आधी घरात चिंचोके भरडून, भिजवून, शिजवून खळ व्हायची. आमच्याकडं घोंगड्याला ती खळ देतात, म्हणजे घोंगडं ताठ राहतं. घोंगड्यांना खळ देऊन झाली की आज्जी उरलेली टोपीला आतून-बाहेरून चोपडायची. ती गेल्यावर तेच काम आबा करू लागले. ज्या टोपीपायी बापाला चोर म्हणाले, तिलाच हा माणूस दरवर्षी बोटांनी खळ लावायचा, उन्हात ठेवायचा आणि शेळी जवळ फिरकू नये म्हणून राखण करत बसायचा. मी लहानपणी विचारलं, "आबा, आपण ही टाकून का देत न्हाई?" म्हणाले, "टाकून कुठं जाती ती?"

शिकवलं मात्र त्यांनी हट्टानं. मी सातवीत असताना भावकीनं लग्नाचं काढलं, तर आबा काठी घेऊन उंबऱ्यात उभे राहिले. इंग्रजीच्या तासाला मास्तर येत नाहीत कळल्यावर शाळेत जाऊन हेडमास्तरांना म्हणाले, "बाकी काय बी शिकवू नगा, इंग्रजी वाचाय शिकवा." साताऱ्याला माझ्या पदवीच्या दिवशी ते खांद्यावर घोंगडं टाकून कॉलेजच्या फाटकाशी आले. शिपायानं अडवलं, "कोण पाहिजे?" आबा म्हणाले, "आमची वाचणारी आत हाय." मैत्रिणी हसल्या. मलाही शब्द जरा विचित्र वाटला. शिकणारी म्हणावं, पास झालेली म्हणावं, वाचणारी काय? पण अभिमानानं माझी छाती अशी भरली होती की त्या शब्दाचा विचार करायला सवड झाली नाही.

आता माझी चूक. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला गावी गेले होते. आबा चुलीपाशी बसले होते. एकदम म्हणाले, "तू एवढी शिकलीस, ही टोपी कवाची हाय ती सांगशील का?" त्यांनी उभ्या आयुष्यात माझ्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट. मी लगेच कामाला लागले. मोबाइलवर वाचलं की जुन्या टोपीचं वय फितीवरून, कडेच्या शिलाईवरून, कपाळाला टेकणाऱ्या आतल्या पट्टीवरून काढतात. चारी बाजूंनी फोटो काढले आणि पुण्यात जुन्या वस्तू विकणाऱ्या एका माणसाला पाठवले. त्यानं तासाभरात कळवलं : रंग बघा, पट्टी किती काळी पडलीय बघा, लोकर लाकडासारखी झालीय, साठ-सत्तर वर्षांची तरी नक्की असणार. मी हिशेब केला. भूकंपाच्या आधीची. आबांना जाऊन सांगितलं.

"नक्की?" त्यांनी विचारलं.

"नक्की, आबा. माहितगार माणूस आहे तो."

आबा बराच वेळ चुलीतल्या राखेत काटकी फिरवत राहिले. मग म्हणाले, "बरं झालं. म्हंजी मी खोटं बोललो नव्हतो." उठले, खुंटीवरून टोपी काढली आणि माळ्यावर कडब्यात टाकली. पुढच्या दसऱ्याला घोंगड्यांना खळ दिली, टोपीला नाही. मला वाटलं, मी त्यांचं ओझं उतरवलं. इतकी शिकलेली मी, आणि खोटं ओझं कुठलं आणि खरं कुठलं हे मला कळलं नाही. त्या वर्षापासून आबा जेवताना पहिला घास हातात धरून थांबायचे. आई म्हणायची, "खावा की, का इसरलाय?" मग खायचे.

यंदा फुप्फुसात पाणी झालं म्हणून धनाजीनं त्यांना सांगलीला नेलं. तो तिथंच कारखान्यात कामाला असतो. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं होतं. रविवारी मी गेले तेव्हा आबांच्या तोंडाला ऑक्सिजनची नळी होती. धनाजी औषधं आणायला खाली गेला, तशी त्यांनी नळी बाजूला सारली आणि मला जवळ बोलावलं. "पोरी, त्या रातीला मी ताट ढकललं न्हवं का... तवा बा मला मारायला उठला न्हाई. नुस्ता म्हणला, टोपीच्या आत लिवलंय. वाचणारा आण." मी म्हटलं, "आत? आत कुठं आबा?" तर म्हणाले, "दुकानदारानं पट्टी उलटून दावलं हुतं म्हणं. पण इंग्रजीत. गावात कोण हुतं वाचाय? मागनं मी बघितलं तर पट्टी चिकटून बसलेली. म्हणलं, बोलायचं म्हून बोलला असंल..." ते धापा टाकू लागले. मी नळी लावायला गेले, तर माझा हात धरून ठेवला. "बा चोर निघाला तर बरं हाय गं. न्हाई निघाला तर मी काय करू? पर तू खरं असंल तीच सांग. मला बरं वाटावं म्हून सांगू नगंस."

वाचणारा आण... फाटकाशी ते शिपायाला काय म्हणाले होते, ते मला तिथं त्या लोखंडी स्टुलावर बसल्यावर समजलं. माणसानं मेंढरं विकून मला शिकवलं, ते वाचायला. आणि मी फोटोवरून, टोपी हातात धरून पट्टीखाली एक बोटसुद्धा न घालता, निकाल देऊन मोकळी झाले होते.

सोमवारी गावी गेले. कडब्यातून टोपी शोधून काढली. पट्टी नखानं उचलेना, चाकूची भीती वाटली. मंगळवारी सकाळी साताऱ्यात हुसेनचाचांच्या दुकानाचं दार उघडायच्या आधी मी पायरीवर बसलेली. चाचा बँडवाल्यांच्या आणि पोलिसांच्या टोप्या शिवतात. त्यांची पार्सलं माझ्याच खिडकीतून जातात, म्हणून ओळख. त्यांनी टोपी हातात घेतली, बोटानं टिचकी मारली. टक्‌ असा आवाज आला.

"ही टोपी हाय का पत्रा? काय लावलंय हिला?"

"चिंचोक्याची खळ. दरवर्षी. पन्नास वर्षं."

"घोंगड्याला देत्यात ती?" चाचांनी चष्मा कपाळावर चढवला. "मग चार मेंढरं बी द्यायची की बाय हिच्या संगट राखाय!"

मला हसू आलं नाही. मी सगळं सांगितलं, आबा कुठं आहेत तेही. चाचांचा चेहरा बदलला. त्यांनी दुकानाचं दार अर्धं लोटलं आणि स्टोव्हवर किटली चढवली. आधी त्यांनी शिलाईचा सुटलेला एक दोरा तोडून काडीनं पेटवला. टोकाला काळा मणी झाला. "टेरिलीनचा दोरा. सुती असता तर नुस्ती राख झाली असती. म्हंजी इंग्रजांच्या वक्ताची न्हवं. पर टेरिलीन भूकंपाच्या आधी बी मिळत हुतं, हे मी सांगतो. ह्याच्यावर तू जाऊ नगं." मला ते आवडलं. पुण्याच्या माणसानं असं एकदाही म्हटलं नव्हतं. मग म्हणाले, "काळी पडली म्हून जुनी न्हाई. चुलीचा धूर आन्‌ तुमची खळ. लय सोसलंय हिनं, एवढंच."

किटलीच्या वाफेवर ते टोपी फिरवत राहिले. दुकानभर चिंचोक्याचा वास सुटला, आमच्या घरातल्या दसऱ्याचा वास. वाफेनं खळ मऊ झाली की चमच्याचा दांडा सरकवायचे, बोटभर पट्टी सुटली की पुन्हा वाफ. मी सारखी घड्याळात बघत होते. धनाजीचा फोन आला, "आक्का, आबा डोळं उघडंनात. कवा येतीस?" मी चाचांकडं बघितलं. ते मान वर न करता म्हणाले, "घाई केली तर आत कागुद असंल त्यो फाटंल. आन्‌ फाटला तर मग काय सांगशील त्येस्नी?" अर्धी पट्टी झाली, काही नाही. पाऊण झाली, काही नाही. मी मनातल्या मनात म्हणत होते की नसूच दे. नसलं तर आबांना सांगायला नको. हे लिहायला लाज वाटते, पण म्हणत होते.

शेवटच्या चार बोटांत ते निघालं. पट्टीच्या मागं चिकटवलेला पिवळट कागदाचा तुकडा. वर्षानुवर्षांची खळ त्याच्यावर काचेसारखी बसली होती, म्हणून अक्षरं शाबूत. दुकानाचं अर्धं नाव, टोपीचं माप, खाली एक रस्ता. आणि शेवटी 'बॉम्बे', त्याच्यापुढं छापलेले सहा आकडे. चारशेनं सुरू होणारे.

चाचांना त्यात काही दिसलं नाही. "मुंबईची हाय, एवढंच की. वरशेराची बी मुंबईचीच असंल." पण मी बारा वर्षं रोज पत्त्यातले सहा आकडे वाचतेय. जुन्या कागदांवर मुंबईच्या पत्त्यात नुसतं 'बॉम्बे दोन', 'बॉम्बे तीन' असं असायचं. हे सहा आकडे, म्हणजे पिन कोड, देशात आले ते बहात्तरच्या पंधरा ऑगस्टला. त्याच्या आधी छापलेल्या कागदावर ते असूच शकत नाहीत. ओव्हरसियरची टोपी गेली सदुसष्टच्या उन्हाळ्यात. ही टोपी तेव्हा जगातच नव्हती.

मी धनाजीला फोन लावला आणि म्हटलं, "आबांच्या कानाला लाव." पलीकडं यंत्राचा आवाज येत होता. आज्जा खरं बोलला, एवढं सांगितलं तर दुसरं वाक्य आपोआप येतं, की मग तुम्ही खोटं बोललात आबा, ताट ढकललंत, आणि माफी मागायला तो माणूस राहिला नाही. ते वाक्य मी कसं सांगू? पण त्यांनी खरं तेच मागितलं होतं. मी म्हटलं, "आबा, आत लिवलंय. मी वाचलं. टोपी दुष्काळातली हाय. आज्ज्यानं इकत घेतली. मी तुमाला चुकीचं सांगितलं हुतं, माझं चुकलं..." पलीकडून काही नाही. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मग धनाजी फोनवर आला, म्हणाला, "ऐकलं गं आक्का, बोट हललं त्यांचं." चाचांनी टोपी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. पैशाला हात लावला नाही. नुसतं म्हणाले, "जा बेटा, लवकर जा."

पुढचं तुम्हाला माहीत आहे. सांगलीला पोहोचल्यावर नर्स म्हणाली की ते सकाळपासूनच शुद्धीवर नव्हते. धनाजी म्हणतो, बोट हललं. मी दोघांनाही पुन्हा विचारलं नाही. कधी रात्री वाटतं ऐकलं असावं, आणि मग वाटतं, ऐकून हे घेऊन गेले असतील तर मी काय केलं? कधी वाटतं ऐकलंच नसेल, आणि मग तर काहीच उरत नाही.

दहाव्याला माणगंगेच्या काठी भावकी आणि सारं गाव जमलं होतं. पिंड ठेवून झाले. कावळा येईना. काय इच्छा राहिली, म्हणून लोक कुजबुजायला लागले. मी पिशवीतून टोपी काढली, पट्टी उलटली आणि मोठ्यानं सगळं सांगितलं, सदुसष्ट, बहात्तर, सहा आकडे. बायका अशा ठिकाणी बोलत नाहीत. मी बोलले. शिदूनाना आता ऐंशी पार केलेला, काठी टेकत जवळ आला, टोपीत वाकून बघितलं. वाचता येत नाही त्याला. सरळ होऊन म्हणाला, "आन्‌ मग वरशेराची टोपी नेली तरी कुणी?"

"ते तुमी शोधा, नाना," मी म्हटलं. "आमच्या घरची तेवढी सापडली."

काठीवरची पकड सोडून त्यानं डोक्याचं मुंडासं काढलं आणि तसाच बोडका बराच वेळ उभा राहिला. कावळा आला की नाही, कधी आला, मी बघितलं नाही.

टोपी आता गावच्या घरात त्याच खुंटीला आहे. खळ देऊ नका असं चाचांनी बजावलंय, पण आईनं यंदाचे चिंचोके आधीच फोडून ठेवलेत आणि मी तिला काही म्हणणार नाही. पट्टी मात्र चिकटवलेली नाही. ज्याला वाचायचंय त्यानं उलटून वाचावं.

टोपी बहात्तरच्या ऑगस्टनंतरची आहे. माझ्या आज्ज्यानं ती विकत घेतली होती. तो चोर नव्हता.